घोडा बुजतो, गाढव थबकते

पौष पौर्णिमेला जेजुरीत खंडोबाच्या यात्रेला गाढवांचा बाजार भरतो. वैदू, कैकाडी, बेलदार, वडार, कुंभार, परीट अशी अनेक समाजांची माणसे लांबलांबून येतात. काठेवाडी जनावराला भाव जास्त, गावठीला कमी. गिऱ्हाईक येते, दोन बोटांनी गाढवाचा ओठ वर करते आणि दात पाहते. दुवान, चौवान, अखंड जवान अशी दातांवरून प्रत ठरते, थोडी घासाघीस होते आणि सौदा पुरा होतो. घोड्यांचेही तसेच. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याला जा, तिथेही दात, रंग, भोवरे आणि चाल पाहण्यात माणसे गढून गेलेली असतात.

पाहावे, जरूर पाहावे. पण जनावराचा स्वभाव कसा आहे, ते कोणाबरोबर वाढले, त्याला पहिल्यांदा कोणी आणि कसे हाताळले, हे विचारणारे गिऱ्हाईक मला फार थोडे भेटले. न विचारल्याने काय होते, ते मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो.

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्याकडे असलेल्या गावांपैकी एका गावात कुंभाराचे घर होते. दारात दोन गाढविणी. मातीची वाहतूक ट्रॅक्टरने होऊ लागल्याने दोघींना पुरेल एवढे काम उरले नव्हते. मामांनी मला विचारले, "साहेब, काय करावं?" मी वही काढली, वैरणीचा खर्च मांडला, कामाचे दिवस मांडले आणि सांगितले, "मामा, एक विका. एकीवर भागतं तुमचं." हिशोब बरोबर होता. त्यांनी थोरली विकली. धाकटी गाभण होती, म्हणून ती ठेवली.

धाकटी दोन रात्री ओरडत राहिली. नंतर गप्प झाली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. चाऱ्याला तोंड लावीना. मामी म्हणाल्या, "रुसलीया. येईल ताळ्यावर." मीही हसलो. सहाव्या दिवशी पशुवैद्यक डॉक्टरांना बोलावले. त्यांनी रक्त काढून नळीत ठेवले. थोड्या वेळाने तांबड्या पेशी खाली बसल्या आणि वर जे पाणी यावे ते दुधासारखे पांढरट आले. डॉक्टर म्हणाले, "ही अंगातली चरबी आहे. गाढवाने खाणे सोडले की शरीर साठवलेली चरबी रक्तात सोडते, ती यकृताला झेपत नाही. गाभण जनावराला हा धोका जास्त. पहिल्या दिवशी बोलावले असते तर काही करता आले असते." आठव्या दिवशी ती मेली. पोटातले शिंगरूही गेले. मामा मला एका शब्दाने बोलले नाहीत. तेच मला जास्त लागले.

कृषी महाविद्यालयात मी माती, पिके, खते, कीड शिकलो. गाईम्हशींबद्दलही बरेच शिकलो. घोडा-गाढव त्या अभ्यासात जवळजवळ नव्हतेच. या प्रसंगानंतर मात्र जिथे मिळेल तिथे वाचू लागलो आणि जनावरे पाळणाऱ्या जुन्या माणसांना विचारू लागलो. मी पशुवैद्य नाही, हे ध्यानात ठेवून पुढचे वाचावे.

घोडा, गाढव आणि झेब्रा ही एकाच कुळातली भावंडे. तिघांनाही एका पायाला एकच खूर, तिघेही गवत खाणारे, तिघांनाही वाघसिंहांचे, लांडग्यांचे भय. पण भावंडे वेगवेगळ्या मुलखात वाढली आणि प्रत्येकाने जीव वाचवण्याची आपापली रीत धरली.

घोडा मोकळ्या गवताळ माळरानावरचा. आज जगभर दिसणाऱ्या पाळीव घोड्याचे मूळ काळा समुद्र आणि कॅस्पियन समुद्राच्या उत्तरेकडच्या माळरानात असून, तो सुमारे चार हजार दोनशे वर्षांपूर्वी तिथून सगळीकडे पसरला, असे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. माळावर गवत भरपूर, म्हणून कळप मोठा राहतो. एकाला धोका दिसला की सगळे उधळतात. आधी पळायचे आणि लांब गेल्यावर मागे वळून पाहायचे, हा घोड्याचा स्वभाव. उडालेल्या प्लास्टिकच्या पिशवीला तो बुजतो, तेव्हा तो मूर्ख नसतो. त्याच्या पूर्वजांपैकी जे विचार करत उभे राहिले, ते लांडग्याच्या पोटात गेले.

गाढव आफ्रिकेतल्या कोरड्या, दगडधोंड्यांच्या मुलखातले. २०२२ साली आलेल्या अभ्यासानुसार माणसाने ते पूर्व आफ्रिकेत सुमारे सात हजार वर्षांपूर्वी माणसाळवले. म्हणजे गाढव हे घोड्याच्या आधीचे आपले सोबती. त्या मुलखात चारा विरळ, म्हणून मोठा कळप टिकत नाही. एकटेदुकटे राहायचे, फार तर जोडीने. दगडांच्या उतारावर जीव घेऊन पळाले तर पाय मोडणार. म्हणून गाढव धोका दिसला की थबकते, कान टवकारते, नीट पाहते आणि मग ठरवते. पटले तर पुढे जाते, नाही पटले तर जात नाही. यालाच आपण अडणे म्हणतो आणि काठी उचलतो. काठी पडली की गाढवाला एवढेच कळते, की समोर खरोखरच काहीतरी वाईट होते. पुढच्या वेळी ते त्याच जागी दहा पावले आधीच उभे राहते.

जोडीचे महत्त्वही इथूनच आले. दोन गाढवे वर्षानुवर्षे एकत्र राहिली की त्यांची गाठ घट्ट बसते. एक विकायचेच असेल तर दोन्ही एकाच घरी द्यावीत. एक मेले तर दुसऱ्याला थोडा वेळ त्या कलेवराजवळ राहू द्यावे, त्याने शोधाशोध कमी होते, असा जाणत्यांचा अनुभव आहे. आणि गाढवाने एक दिवस पुरता चारा सोडला, तर ते रुसले असे समजून थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

गाढवाच्या काटकपणाबद्दल मात्र जे ऐकिवात आहे ते खरे आहे. अंगातले पाणी आटून वजन तीस टक्क्यांपर्यंत घटले तरी ते तग धरते आणि पाणी मिळाल्यावर काही मिनिटांत बरीच तूट भरून काढते. पण तग धरते म्हणून तहानलेले ठेवावे, असा त्याचा अर्थ नव्हे. घाण पाणी ते सहसा पीत नाही. हौद घासला की गाढव जास्त पाणी पिते, एवढे करून पाहा.

आता घोड्याची नजर समजून घेऊ, कारण निम्मे अपघात तिथेच होतात. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. त्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचे दिसते. फक्त दोन जागा दिसत नाहीत. एक अगदी नाकासमोर आणि कपाळाखाली, दुसरी थेट शेपटीमागे. आपण नेमके या दोन जागांवरून जातो. समोरून येऊन पटकन कपाळावर हात ठेवतो, नाही तर मागून येऊन पाठीवर थाप मारतो. पहिल्याने घोडा डोके झटकतो, दुसऱ्याने दुगाण्या झाडतो. म्हणून खांद्याच्या बाजूने, तिरके, बोलत बोलत जावे. पहिला हात मान आणि पाठ जुळते तिथे लावावा आणि थोपटण्याऐवजी हलके खाजवावे. घोडे एकमेकांना तिथेच दातांनी खाजवतात. तिथे खाजवले की त्यांच्या हृदयाचे ठोके मंदावतात, असे मोजून पाहिलेले आहे. नाकाजवळचे लांब केस देखणेपणासाठी कापू नयेत. नाकाखालचे त्याला दिसत नाही, तिथे ते केसच त्याची बोटे.

कान वाचायला घरातल्या पोरांनाही शिकवा. कान पुढे म्हणजे लक्ष समोर. एक कान मागे वळला तर लक्ष तुमच्याकडे आहे. दोन्ही कान मानेला चिकटले, नाकपुड्या आवळल्या, तर दूर व्हा. शेपूट दोन मांड्यांत दाबली असेल तर भीती आहे आणि भ्यालेले जनावर रागावलेल्यापेक्षा कमी धोक्याचे नसते.

शिकवण्याची रीत सांगताना मला बारामतीकडच्या एका धनगर कुटुंबातला पोरगा आठवतो. मेंढरे घेऊन फिरणाऱ्या धनगरांच्या बिऱ्हाडाचे ओझे वाहणारी जी बुटकी, काटक घोडी असतात, त्यांना भीमथडी म्हणतात. अलीकडे राष्ट्रीय नोंदीत स्वतंत्र जात म्हणून त्यांचे नाव लागले, ही चांगली गोष्ट झाली. या कुटुंबात तीन वर्षांची एक घोडी होती. तिने पुतण्याच्या मांडीवर लाथ मारली होती. हाड वाचले होते, पण घरातल्या बायका तिच्याजवळ जाईनात. पाडव्याच्या आत विकायची असे ठरले होते. सोळा वर्षांचा धाकटा म्हणाला, "काका, मला पंधरा दिस द्या."

पहिले दोन दिवस त्याने काहीच केले नाही. बघणाऱ्यांना तसेच वाटले. तो तिच्या दावणीपासून दहा पावलांवर बसून राही. चारा-पाणी त्याच्याच हातून. तो उठून खांद्याच्या रोखाने दोन पावले येई. तिने कान फिरवून त्याच्याकडे पाहिले की लगेच थांबे आणि माघारी जाई. इथेच सगळी खुबी आहे. घोडीला काय कळले? या माणसाकडे पाहिले की हा दूर होतो, म्हणजे हा अंगावर येणारा नव्हे. तिसऱ्या दिवशी तिनेच मान लांब करून त्याचा खांदा हुंगला.

मग मोरकी घातली. दोर धरून चालायला शिकवताना आपण सगळे एकच चूक करतो. ओढतो, घोडा ओढतो, आपण जास्त ओढतो. घोड्याच्या ताकदीपुढे आपण किती? पोराने दोर नुसता ताणून धरला, झटका दिला नाही. घोडीने एक पाय पुढे टाकला, तसा त्याने त्याच क्षणी दोर सैल सोडला. त्याच क्षणी, हे महत्त्वाचे. जनावर शिकते ते ताण दिल्याने नव्हे, ताण सुटल्याने. ताण सुटायला दोन-चार सेकंद उशीर झाला तर मधल्या वेळात त्याने जे केले असेल ते बरोबर, असे ते समजते. पाय पुढे टाकल्यावर सोडला तर चालायला शिकते, डोके वर झटकल्यावर सोडला तर डोके झटकायला शिकते. आपल्याकडची कितीतरी 'खोडील' घोडी माणसांनीच अशी शिकवून तयार केलेली असतात.

धडा दहा-पंधरा मिनिटांचा, दिवसातून दोनदा. एखादी गोष्ट जमली की तिथेच थांबायचे. जमले म्हणून आणखी दहा वेळा करून घ्यायचे नाही.

पाय उचलायला शिकवताना त्याने खांद्यापासून हात खाली नेत नेत गुडघ्याखाली आणला, खूर जमिनीपासून चार बोटे उचलला आणि घोडीने ओढून घ्यायच्या आत स्वतःच खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी थोडा जास्त वेळ. मग गोणपाट. आधी हुंगू दिले, मग मानेवर फिरवले, पाठीवरून, पोटाखालून, मागच्या पायांवरून. बुजली तर गोणपाट काढून न घेता हात तिथेच थांबवला आणि ती शांत झाल्यावर काढले. मग रिकामे पोते, मग भुशाने भरलेले पोते, मग खरे ओझे. पंधरा दिवसांत झाले नाही, पंचवीस दिवस लागले. घोडी विकली गेली नाही. पुढच्या पावसाळ्यात परतीच्या वाटेवर कोंबड्यांची डालगी आणि वर एक तान्हे कोकरू घेऊन ती चाललेली मी पाहिली.

गाढवाला हीच रीत, पण धीर दुप्पट. घोड्याला पाच वेळा दाखवून कळेल ते गाढवाला कदाचित दोनदातच कळते, पण ते करायचे की नाही हे ठरवायला त्याला वेळ लागतो. अडलेल्या गाढवाला समोरून ओढू नका, ते मागे रेलते. दोर सैल ठेवून त्याचे तोंड हळूच बाजूला वळवा. वजन एका पायावरून दुसऱ्यावर गेले की पाऊल आपोआप पडते. पूल, फरशी, साचलेले पाणी पहिल्यांदा ओलांडायचे असेल तर जाणते गाढव पुढे घाला, नवे मागून येते. घाईच्या दिवशी नवी वाट दाखवू नये. आणि कान पिळून आवरण्याची जी रीत आहे ती बंद करा. एकदा कान पिळलेले गाढव जन्मभर डोक्याला हात लावू देत नाही, मग मोरकी घालताना रोज मारामारी. काही ठिकाणी श्वास मोकळा चालावा म्हणून गाढवाच्या नाकपुड्या चिरतात. त्याने श्वास मोकळा होत नाही, जखम मात्र होते. लंगडणाऱ्या पायाला डाग देण्याचेही तसेच.

खेचर म्हणजे गाढव बाप आणि घोडी आई. उलट, म्हणजे घोडा बाप आणि गाढवीण आई, असेही शिंगरू होते, पण क्वचित. घोड्याच्या पेशीत ६४ गुणसूत्रे, गाढवाच्या ६२. खेचराला दोघांकडून निम्मी मिळून ६३ येतात. विषम संख्येच्या जोड्या नीट लागत नाहीत, म्हणून खेचराला पिल्ले होत नाहीत. मादी व्याल्याची अगदी विरळा उदाहरणे नोंदली गेली आहेत, नराचे नाही. पण 'नर वांझच आहे, मग खच्ची कशाला करायचा' असे म्हणणारा फसतो. पिल्ले होत नसली तरी माज असतो आणि माजावरचे खेचर आवरत नाही. नर वेळीच खच्ची करून घ्यावा.

खेचराला अंगकाठी आईची, खुरे आणि सावधपणा बापाचा. डोंगरवाटेवर त्याच्यासारखे जनावर नाही. केदारनाथच्या चढावर ज्यांनी ते पाहिले आहे त्यांना सांगायला नको. पण त्याची आठवण पक्की. चांगलीही आणि वाईटही. घोडा एखादी चूक विसरतो, गाढव मनात धरते, खेचर ती दोन वर्षांनी व्याजासह परत करते, असे एक म्हातारा खेचरवाला मला म्हणाला होता. मागे, पुढे, बाजूला, कुठेही त्याची लाथ नेमकी पोचते. म्हणून खेचराला पहिले दोन महिने एकाच माणसाने हाताळावे. कानांना विशेष जपावे.

खेचर आईच्या, म्हणजे घोडीच्या सोबतीने वाढते, म्हणून ते मोठेपणीही घोडीच्या मागे जाते. पूर्वी अमेरिकेत डोंगरातले तांडेवाले याचा उपयोग करीत. एका शांत घोडीच्या गळ्यात घंटा बांधायची आणि पंधरा-वीस खेचरे मोकळी सोडायची. रात्री ती घंटेच्या आवाजाबाहेर जात नसत. घोडी तेवढी बांधली की झाले. एवढ्या दोऱ्या वाचल्या!

मग झेब्र्याला का नाही कोणी जुंपले, असा प्रश्न शाळकरी पोरे मला नेहमी विचारतात. जुंपले होते. जॉन रॅरी नावाचा एक अमेरिकन घोडेशिक्षक १८५८ साली इंग्लंडात गेला. तिथे क्रूझर नावाचा, कोणालाही जवळ न येऊ देणारा घोडा त्याने शांत करून दाखवला, राणी व्हिक्टोरियासमोर खेळ केले आणि एका झेब्र्यालाही माणसाळवले. त्याच शतकाच्या अखेरीस वॉल्टर रॉथशिल्ड या धनिकाने लंडनच्या रस्त्यांवरून झेब्रे जुंपलेली गाडी हाकली. तिची छायाचित्रेही आहेत. पूर्व आफ्रिकेतल्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्यांना जुंपण्याचा खटाटोप बराच केला, कारण तिथे त्सेत्से माशीच्या रोगाने घोडे मरत आणि झेब्रे तगत.

पण एकेक झेब्रा शिकवता आला, जात माणसाळली नाही. झेब्रा सिंह आणि तरस यांच्यात वाढला. माणूसही आफ्रिकेत लाखो वर्षांपासून शिकारी म्हणून त्याच्या मागावर. तो पळण्यात घोड्याच्या वरचढ बिचकणारा, चावला की सोडत नाही, आणि गळ्यात फास टाकायला जावे तर डोके खाली घालून चुकवतो. वय वाढले की आणखी तिरसट होतो. घोड्यागाढवांना माणसाने शेकडो पिढ्या निवडले. चावणारे काढले, शांत असलेल्यांची शिंगरे ठेवली. ते काम झेब्र्याच्या बाबतीत झालेच नाही. सिंहाच्या तोंडून वाचायला जो तिरसटपणा लागतो, तोच घेऊन तो जन्माला येतो.

झेब्र्याचा संकर घोडीशी आणि गाढविणीशीही होतो. स्कॉटलंडमधले प्राध्यापक कॉसर युअर्ट यांनी १८९० नंतरच्या दशकात असे संकर मुद्दाम केले. त्या काळी युरोपात अशी पक्की समजूत होती, की घोडीला एकदा परक्या जातीच्या नराकडून शिंगरू झाले की पुढच्या सगळ्या शिंगरांत त्याचा अंश उतरतो. युअर्टनी झेब्र्यापासून व्यालेल्या घोड्या पुन्हा घोड्याकडे भरवल्या आणि झालेली शिंगरे तपासली. समजूत खोटी ठरली. संकर जनावरांच्या अंगावर पट्टे येतात, ताकद असते, पण वांझपण खेचरासारखेच आणि स्वभावात बापाचा अंश. त्यांना शिकवणारे सांगतात, की घोड्यासारखे वागवले तर ती बिथरतात आणि गाढवासारखा वेळ दिला तर चालतात.

झेब्र्याच्या पट्ट्यांची एक गोष्ट आपल्या गोठ्याच्या उपयोगाची आहे. पट्टे कशासाठी यावर पुष्कळ वाद झाले. चावऱ्या माश्यांना पट्टेरी अंगावर नीट बसता येत नाही, याला चांगला पुरावा मिळाला आहे. इंग्लंडात घोड्यांना पट्टेरी झूल घातली तर झुलीवर माश्या कमी बसल्या. जपानात काळ्या गाईंच्या अंगावर पांढरे पट्टे रंगवले, तर माश्यांचे चावे निम्म्यावर आले. दोन्ही प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाले. आपल्याकडे घोड्या-उंटांना सर्रा हा ताप चावऱ्या माश्यांमुळेच पसरतो. पण हे वाचून चुन्याचा डबा घेऊन गोठ्यात जाऊ नका. चुन्याने कातडी भाजते. जुन्या पांढऱ्या-काळ्या कापडाची झूल शिवून पाहायला मात्र हरकत नाही.

वापराबद्दल थोडे. शिंगरावर तीन वर्षे पुरी होईपर्यंत ओझे लादू नये. चौथ्या वर्षापासून पुरे काम घ्यावे. किती ओझे, याचा कायदा आहे. ओझ्याच्या जनावरांबाबत केंद्र सरकारचे १९६५ चे नियम आहेत. त्यांत गाढवाला ५० किलो, तट्टाला ७० किलो आणि खेचराला २०० किलो ही कमाल मर्यादा आहे. दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा जास्त आणि सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नाही. पारा ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन काम नाही. वीटभट्टीवर हे कितपत पाळले जाते ते मी पाहिले आहे, त्यावर वेगळे लिहावे लागेल.

गुरांसाठीचा तयार खुराक घोड्यागाढवांना घालू नये. काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचे औषध मिसळलेले असते. गाईला, कोंबडीला ते चालते, घोड्याचा त्याने जीव जातो. गाढवाला तर खुराकाची फारशी गरजच नाही. कडबा, भुसा, वाळले गवत यावर ते टुणटुणीत राहते. हिरवे लुसलुशीत भरपूर घातले तर चरबी वाढते आणि वर सांगितलेला धोका वाढतो. बाजारातून आणलेले जनावर पहिले काही दिवस वेगळे बांधावे. नाकातून पिवळा शेंबूड, अंगावर गाठी दिसल्या तर हात न लावता डॉक्टरांना कळवावे. ग्लँडर्स असेल तर तो माणसालाही होतो.

२०१२ च्या पशुगणनेत देशात गाढवे सुमारे ३ लाख २० हजार होती. २०१९ च्या गणनेत ती १ लाख २० हजारांच्या आसपास आली. सात वर्षांत शंभरातली साठाहून अधिक गेली. खेचरेही निम्म्याहून जास्त घटली. ट्रॅक्टर, टेम्पो आले हे एक कारण. कातड्यासाठी होणारी चोरटी कत्तल हे दुसरे, गाढवाच्या कातड्यापासून चीनमध्ये एक औषध करतात. २०२४ पासून राष्ट्रीय पशुधन अभियानात घोडा, गाढव, खेचर पालनालाही भांडवली अनुदान लागू झाले. गाढविणीच्या दुधाचे मोठमोठे भाव सांगून पैसे गोळा करणारे तेव्हापासून गावात येऊ लागले आहेत. दूध कोण, किती दिवस, कोणत्या भावाने घेणार, हे लेखी मिळाल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

पावसाळ्यात खुरांकडे लक्ष द्या. गाढवाचे खूर कोरड्या जमिनीसाठी घडलेले, ओल शोषून घेतात. चिखलात उभे राहिले की तळवा कुजतो, काळा वास येणारा स्राव सुटतो आणि जनावर लंगडते. उभे राहायला हातभर उंच, मुरूम टाकलेली कोरडी जागा करा. दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून खूर तासून घ्या. खूर उचलू देत नसेल तर आजपासून, रोज चार बोटे उचलून खाली ठेवण्यापासून सुरुवात करा.

त्या कुंभारमामांच्या दारात आज पुन्हा दोन गाढविणी आहेत. जेजुरीहून मायलेकी एकत्रच आणल्या. काम एकीपुरतेच आहे. वैरणीचा हिशोब मामांनी मला विचारला नाही आणि मीही वही काढली नाही.